कॉटेज मीटिंग वेगळी, सेल ग्रुप वेगळा

रविवारच्या उपासनेला तीन-चारशे माणसं बसणाऱ्या ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, मागच्या बाकावरची मावशी महिनाभर दिसली नाही, तरी कुणाच्या लक्षात येत नाही. मग कमिटीत ठरतं, सेल ग्रुप, म्हणजे घरोघरी दर आठवड्याला जमणारे छोटे गट, सुरू करू या. जुळे सोलापूर, होटगी रोड, विजापूर रोड, विडी घरकुल अशी भागवार यादी होते. पहिल्या आठवड्यात एका गच्चीवर भाड्याच्या खुर्च्या लागतात, पाळकसाहेब (मंडळीचे धर्मगुरू) संदेश देतात, उपमा-चहा होतो आणि सगळे खूश होऊन घरी जातात. नाव सेल ग्रुपचं, पण झाली ती कॉटेज मीटिंग, म्हणजे कुणाच्या तरी घरी भरणारी प्रार्थनासभा. वर्षभरात ती बंद पडली की लोकांत आवेश उरला नाही असं म्हणतात. माझ्या मते मुळात दोन वेगळ्या गोष्टी एकाच नावाखाली चालवल्या, तिथंच बिघडलं.

कॉटेज मीटिंग आपल्याला पिढ्यानपिढ्या ठाऊक आहे. तिला निमित्त लागतं: नव्या घराचं समर्पण, वाढदिवस, दवाखान्यातून सुखरूप परत येणं, घरात झालेलं मरण. त्या संध्याकाळी सगळं त्या एका घराभोवती फिरतं. पेटी-ढोलकी येते, भजनं होतात, शेजारची हिंदू, मुस्लिम कुटुंबंही दारात येऊन बसतात. कोण आलं नाही याची नोंद कुणी ठेवत नाही, ठेवूही नये.

सेल ग्रुपला निमित्त लागत नाही आणि पाळकही लागत नाही. दहा-बारा माणसं, दर आठवड्याला तीच, ठरलेल्या वारी. एक पुढारी, एक त्याच्या हाताखाली तयार होणारा. प्रवचन नाही. रविवारी वाचलेल्या बायबलच्याच वचनावर आपापल्या आयुष्यातून बोलायचं, एकमेकांची अडचण ऐकायची आणि त्या अडचणीचं नाव घेऊन प्रार्थना करायची. न आलेल्याला त्याच रात्री फोन जातो. खरी कसोटी हीच: आज कोण आलं नाही, हे न मोजता सांगता येतं का?

ही कल्पना परदेशी फॅशन आहे, अशी कुरकूर जुने लोक करतात. पण बायबलमधल्या निर्गमाच्या १८व्या अध्यायात मोशेचा सासरा इथ्रो मोशेला दहा-दहा माणसांवर नायक नेमायला सांगतो, आणि प्रेषितांची कृत्ये २:४६ मध्ये पहिले विश्वासी मंदिरातही जमतात, घरोघरीही. १७४२ साली इंग्लंडातल्या ब्रिस्टलमध्ये मेथडिस्ट चळवळ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लीच्या लोकांवर इमारतीचं कर्ज होतं. प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यायची आणि एकाने अकरा-बारा जणांकडे जाऊन ती गोळा करायची, असं ठरलं. दारोदार फिरताना कोण कसं जगतंय, कुणाच्या घरात काय चाललंय, हे त्या माणसांना कळू लागलं. वसुलीची सोय होती, तिची पाळकीय सेवा झाली आणि मेथडिस्ट मंडळ्यांचे ‘क्लास’ त्यातूनच उभे राहिले. दक्षिण कोरियातल्या सोलमध्ये १९६४ साली योंगी चो हे पाळक कामाच्या भाराने कोसळले, तेव्हा त्यांनी घरोघरचे गट सामान्य सभासदांकडे सोपवले. त्यातही पुढे आल्या त्या मुख्यतः बायका. सोलापुरातही याहून वेगळं होईलसं वाटत नाही. आजारी कोण, कुणाच्या मुलीचं लग्न अडलंय, हे मंडळीच्या पंचांना कळायच्या आधी गल्लीतल्या ताईला कळलेलं असतं. तरी पुढाऱ्यांच्या यादीत पहिली नावं पुरुषांचीच येतात.

मांडणीतही फरक ठेवावा लागतो. कॉटेज मीटिंगला यजमान हौसेने खाऊ घालतो, घालू द्या. सेलमध्ये मात्र चहाच्या पुढे जायचं नाही. एका घरी उपमा झाला की पुढच्या घरी शिरा होतो, आणि ज्यांची ऐपत नाही ते घर द्यायचं टाळू लागतात. वार ठरवताना बायकांना विचारा. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या शहरात पाण्याच्या संध्याकाळी कुठली बाई वचन ऐकत बसेल? भाषेचंही तसंच. घरात तेलुगू किंवा कन्नड बोलणाऱ्याला दुःख मराठीतून सांगायला लावू नका. भागापेक्षा भाषेवर गट केला तरी चालेल.

गृहमंडळी, म्हणजे घरातच भरणारी स्वतंत्र मंडळी, ही तिसरीच गोष्ट. तिचा बाप्तिस्मा, प्रभुभोजन आणि खजिना स्वतंत्र असतात. सेलचं यातलं काहीच वेगळं नसतं. गट फुटून वेगळी मंडळी होईल, ही कमिटीची भीती अगदीच खोटी नाही. त्यावर सोपा बंदोबस्त म्हणजे सेलमध्ये अर्पणाचे पैसे घ्यायचेच नाहीत आणि पुढाऱ्यांनी महिन्यातून एकदा पाळकांसोबत बसायचं.

गट पंधरावर गेला की दोन करायचे. इथे लोक हटून बसतात, ‘आमचं जमलंय, तोडता कशाला?’ म्हणतात. हाताखालचा माणूस आधीपासून तयार असेल तर निम्मे त्याच्याबरोबर जातात. नसेल तर फोडू नका. आधी त्याला दोन-तीन महिने गट चालवू द्या, पुढाऱ्याने नुसतं बाजूला बसावं.