डायाटम चाचणी

(करंडक वनस्पती चाचणी). पाण्यात सापडलेली व्यक्ती बुडून मेली की मेल्यावर पाण्यात टाकली गेली, हे ठरवण्यासाठी न्यायवैद्यकात वापरली जाणारी चाचणी. वादळी किनाऱ्यावरील खुनांच्या तपासात तिला विशेष महत्त्व येते. उधाणात प्रेत खडकांवर आपटते, खेकडे-मासे ते कुरतडतात आणि चार-सहा दिवसांत मारहाणीच्या खुणा ओळखणे अवघड होते.

डायाटम हे एकपेशीय शैवल. त्याच्या सिलिकायुक्त भित्तिकेचे दोन अर्धे कुंकवाच्या करंड्यावर झाकण बसावे तसे एकमेकांत बसतात. मराठी नाव त्यावरूनच पडले. ही भित्तिका कुजत नाही, नायट्रिक अम्लातही टिकते. बुडणारा माणूस पाणी श्वासावाटे ओढतो. तेव्हा फुप्फुसांतून रक्तात शिरलेले डायाटम हृदय चालू असेपर्यंत यकृत, मूत्रपिंड व अस्थिमज्जेत पोहोचतात. मृताच्या फुप्फुसांत पाणी झिरपले तरी ते पुढे जात नाहीत, हे चाचणीमागचे गृहीतक. मांडीचे अखंड हाड बाहेरून धुऊन त्यातील मज्जा अम्लात विरघळवतात आणि उरलेला साका सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात.

उगमाबद्दल एकमत नाही. बुडालेल्यांच्या फुप्फुसांत डायाटम आढळल्याचे श्रेय सामान्यतः होफमान (१८९६) यांना दिले जाते; निदानासाठी त्यांचा उपयोग मात्र रेव्हेनस्टॉर्फ (१९०४) यांच्यापासून धरणे अधिक सयुक्तिक वाटते. इतर अवयवांतील डायाटमांकडे लक्ष वेधले ते इंत्से यांनी, १९४० नंतरच्या दशकाच्या प्रारंभी.

खरा वाद विश्वासार्हतेचा आहे. न बुडालेल्या प्रेतांतही डायाटम सापडतात, असा आक्षेप १९६० नंतर जोराने पुढे आला. हवेतील धूळ, कालवांसारखे खाद्य, प्रयोगशाळेतील नळाचे पाणी, ही त्याची कारणे सांगितली जातात. कालवांचा मुद्दा किनाऱ्यावरच्या गावांत दुर्लक्षून चालणार नाही. मात्र दूषितीकरणाचे स्पष्टीकरण अधिक पटणारे आहे. उलट बाजूने, कॅनडातील ऑंटॅरिओ प्रांतात बुडालेल्या ७७१ व्यक्तींच्या तपासणीत मज्जेत डायाटम सापडले ते सुमारे २८ टक्क्यांमध्येच. म्हणजे डायाटम न सापडणे हा खुनाचा पुरावा नव्हे. हाडातील जाती आणि घटनास्थळाच्या पाण्यातील जाती जुळल्या, तरच निष्कर्षाला वजन येते.

इथेच वादळ आड येते. पावसाळी लोंढ्याने खाडीची क्षारता उतरते, खाडीचे व समुद्राचे पाणी घुसळते आणि प्रेत मूळ जागेपासून दूर वाहत जाते. नमुना प्रेत लागले तिथल्या पुळणीवरचा घेतला, तर तुलनाच चुकीच्या पाण्याशी होते. शंका असेल तेव्हा वरच्या अंगाचे, खाडीतले आणि गावातल्या विहिरीचेही पाणी वेगवेगळ्या स्वच्छ बाटल्यांत घ्यावे लागते.

भारतात अशा मृत्यूचा मरणोत्तर पंचनामा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ नुसार (पूर्वीचे फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १७४) होतो. चाचणीचा अहवाल तज्ज्ञाचे मत ठरतो; तो न्यायालयावर बंधनकारक नसतो.