जीव हलका व्हयना, म्हणजे नेमकं काय झालं?

आमची जिजी वर्षातून चार-पाच वेळा पाटणादेवीला जाते. चाळीसगावहून जेमतेम अठरा-वीस किलोमीटर. परत आली की ओट्यावर पाय पसरून एकच वाक्य म्हणते, "देवीले जाई उनू, जीव हलका व्हयना." आमच्या अहिराणीत 'व्हयना' म्हणजे 'झाला' : देवीला जाऊन आले, जीव हलका झाला. आता हे देवीचं देणं की वाटेतल्या जंगलाचं, हा प्रश्न तिच्यासमोर काढायची माझी हिंमत नाही. पण जंगलाच्या वाट्याचं काही मोजता येतं.

देऊळ आहे गौताळा औट्रमघाट अभयारण्याच्या कुशीत. भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, इथेच आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला. 1207 सालचा शिलालेख त्याची साक्ष देतो. श्रावणात डोंगर हिरवागार असतो, धवलतीर्थाचा धबधबा कोसळत असतो. पण जिजी चैत्रातही जाते. तेव्हा पानगळीच्या या जंगलात सालई आणि धावड्याच्या उघड्या फांद्या, पिवळं गवत, आणि वाळल्या पानांवर पाय पडला की करकर आवाज. असल्या रखरखाटात कसला आलाय निसर्गोपचार, असं मला वाटायचं.

ते मत बदललं कॅलिफोर्नियातल्या एका प्रयोगामुळे. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात 38 माणसांपैकी काहींना 90 मिनिटं वर्दळीच्या रस्त्याकडेने चालवलं, तर काहींना गवताळ माळावरून. तिथे घनदाट अरण्य नव्हतं. गवत, झुडपं आणि अधूनमधून ओकची झाडं. म्हणजे आपल्या चैत्रातल्या डोंगरासारखंच काहीसं! चालण्याआधी आणि नंतर मेंदूचे स्कॅन काढले. माळावरून आलेल्यांचं तेच ते दुःख उगाळणं कमी झालं होतं, आणि अशा उगाळण्याशी जोडलेला, कपाळामागे खोलवर असलेला मेंदूचा एक भाग थोडा शांत झाला होता. रस्त्याने चाललेल्यांत तसा फरक दिसला नाही. पायपीट दोघांचीही सारखीच.

असं का होत असावं? रेचल आणि स्टीफन कॅप्लन या मानसशास्त्रज्ञ दांपत्याचं म्हणणं असं : रस्ता ओलांडताना, हिशेब करताना आपण लक्ष ओढून-ताणून एका जागी धरतो, आणि ही ताकद दमते. पाण्याची झुळझुळ, हलणारी सावली यांकडे लक्ष आपसूक जातं, त्याला जोर लागत नाही. तेवढ्यात दमलेल्या ताकदीला विसावा मिळतो. शेतात दिवसभर राबलेल्या बैलाचं जू उतरवावं, तसं.

अमेरिकेतले रॉजर उलरिक यांनी तर पित्ताशयाचं ऑपरेशन झालेल्या रुग्णांच्या जुन्या नोंदी तपासल्या. 23 जणांच्या खिडकीतून झाडं दिसत होती, तशाच दुसऱ्या 23 जणांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडंवाले सरासरी 7.96 दिवसांत घरी गेले, भिंतवाले 8.70 दिवसांत, आणि झाडंवाल्यांना जालीम वेदनाशामकं कमी लागली. हे 1984 सालचं. नमुना लहान आहे, हे खरंच. शिवाय अशा प्रयोगांत एक अडचण कायमची असते. गोळीच्या जागी साखरेची गोळी देता येते, पण माणसाला कळू न देता जंगलात कसं न्यायचं? "बरं वाटेल" ही अपेक्षा त्यात मिसळणारच. जिजीच्या बाबतीत तर श्रद्धाही मिसळलेली. मला ते वेगळं काढायची घाई नाही. सालईचा डिंक झाडावर असतो तोवर जंगल, निखाऱ्यावर पडला की देवळातला धूप. वास तोच.

बीपीची गोळी मात्र जिजी देवीला जातानाही पिशवीत ठेवते, आणि वेळेवर घेते.

परवा तिला आणखी एक अभ्यास सांगितला. इंग्लंडमधल्या सुमारे वीस हजार लोकांच्या पाहणीत, आठवड्याला किमान 120 मिनिटं निसर्गात घालवणाऱ्यांनी आपली तब्येत चांगली असल्याचं जास्त प्रमाणात सांगितलं होतं. अर्थात, धडधाकट माणसंच बाहेर जास्त फिरत असतील, हीही शक्यता आहेच, असं मी पुढे समजावत होतो. जिजी शेंगा फोडत होती. मान वर न करता म्हणाली, "त्या इंग्लंडवाला कोनती देवीले जातस?"