कमी ऐकू येणाऱ्यांसाठी युडीआयडी कार्ड आणि श्रवणयंत्र : खानदेशातील अर्जदारांसाठी माहिती

श्रवणदोषाचे दिव्यांगत्व प्रमाणपत्र आणि युडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांग व्यक्तीचे ओळखपत्र, काढायला निघालेली बरीच माणसे सेतू केंद्रापासून सुरुवात करतात. अर्ज भरला जातो, नोंदणी क्रमांकाचा कागद हातात पडतो, मग एक दिवसाची मजुरी बुडवून यावल किंवा साक्रीहून जिल्ह्याच्या गावी जावे लागते, आणि तेथे कानात मळ आहे किंवा कान वाहतो आहे एवढे सांगून अर्जदाराला परत पाठवले जाते. यात रुग्णालयाची चूक नसते. हात-पाय गमावलेल्या माणसाचे अपंगत्व डोळ्यांना दिसते, कानाचे दिसत नाही. त्यामुळे प्रमाणपत्र देणाऱ्या वैद्यकीय मंडळाचा सारा निर्णय ऑडिओग्राम या श्रवणचाचणीच्या एका आलेखावर उभा असतो, आणि तो आलेख भरवशाचा निघायचा असेल तर कानाचा उपचार आधी झालेला असावा लागतो.

आधी उपचार, मग मोजणी

कानात साचलेला मळ, पडद्याला पडलेले छिद्र, मध्यकर्णात साठलेले पाणी किंवा हाडांच्या साखळीतील बिघाड यांमुळे आवाज आतपर्यंत पोहोचत नाही. या प्रकारचा दोष औषधाने किंवा शस्त्रक्रियेने पुष्कळ वेळा सुधारतो. आंतरकर्णातील पेशी किंवा श्रवणाची नस निकामी झाल्याने आलेला दोष मात्र बहुधा कायमचा असतो. प्रमाणपत्र कायमच्या दोषासाठी असल्याने, सुधारू शकणाऱ्या कानावर कान-नाक-घसा तज्ज्ञ आधी उपचार सुचवतात, किंवा मंडळ ठरावीक मुदतीचे तात्पुरते प्रमाणपत्र देते. पडद्याची किंवा कानामागील हाडाची शस्त्रक्रिया करण्याचा सल्ला मिळाल्यास महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत ती बसते का, हे शिधापत्रिका आणि आधार कार्ड दाखवून रुग्णालयातील आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनिसाला) विचारावे.

वाहत्या कानात गरम तेल किंवा लसणाचे तेल सोडण्याची चाल आपल्याकडे अजून आहे. फाटक्या पडद्यातून ते तेल मध्यकर्णात उतरते आणि जंतुसंसर्ग बळावतो, म्हणून ही चाल मोडलेलीच बरी. एका कानाने एकाएकी ऐकू येईनासे झाले तर मात्र अर्जाचा विचारही न करता त्याच दिवशी तज्ज्ञाकडे जावे, कारण त्यावरील स्टिरॉइडचा उपचार पहिल्या काही दिवसांतच उपयोगी पडतो आणि दोन आठवड्यांनंतर त्याची आशा फार कमी उरते. क्षयरोगासाठी स्ट्रेप्टोमायसिन किंवा अमिकासिनची इंजेक्शने घेतलेली असल्यास तसे डॉक्टरांना आवर्जून सांगावे, कारण या औषधांनी आंतरकर्णाला इजा होऊ शकते.

ऑडिओग्राम कसा निघतो

आवाजबंद खोलीत हेडफोन लावून वेगवेगळ्या पट्टीचे सूर ऐकवले जातात आणि ज्या सर्वांत मंद आवाजाला रुग्ण बटण दाबतो, तो आकडा डेसिबलमध्ये नोंदवला जातो. कानामागील हाडावर कंपक ठेवून तीच चाचणी पुन्हा होते आणि दोन्ही नोंदींतील फरकावरून दोष कोठे आहे हे कळते. पडद्याची हालचाल इंपिडन्स चाचणीत दिसते. लहान मूल बटण दाबू शकत नाही, म्हणून त्याची आंतरकर्णाचा प्रतिसाद टिपणारी ओएई चाचणी आणि श्रवणाच्या नसेचा प्रतिसाद मोजणारी, झोपेत केली जाणारी बेरा चाचणी करतात. मोठ्या माणसाच्या उत्तरांत विसंगती आढळली तर त्यालाही बेरा सांगितली जाते. हा अविश्वास वाटून घेऊ नये. बटण दाबण्याची चाचणी रुग्णाच्या सांगण्यावर चालते आणि मंडळाला तिची खातरजमा करावीच लागते. दिव्यांग व्यक्तींसाठी राखलेला लाभ फसवणुकीने घेतल्यास दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ९१ नुसार दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

जिनिंग, डाळ मिल किंवा यंत्रमागावर काम करणाऱ्यांनी रात्रपाळी संपवून थेट चाचणीला जाऊ नये. मोठ्या आवाजात राहिलेला कान काही तास तात्पुरता मंदावतो आणि आलेख खरा येत नाही. लग्नातील डीजेसमोर रात्र काढलेल्यांनाही हेच लागू आहे. आदल्या दिवसाची सुट्टी घ्यावी, सर्दी असेल तर तारीख पुढे मागून घ्यावी. घरात अहिराणी, पावरी किंवा भिली बोलली जात असेल, तर सूचना समजावून सांगणारे माणूस सोबत न्यावे, कारण सूचना न कळल्यामुळे चुकलेले उत्तर हे न ऐकू आल्याचे उत्तर म्हणून नोंदले जाण्याचा धोका असतो.

टक्केवारीचे गणित

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार बोलण्याच्या पट्टीतील आवाजांत दोन्ही कानांची श्रवणहानी ७० डेसिबल असेल तर ती व्यक्ती बधिर, आणि ६० ते ७० डेसिबल असेल तर कमी ऐकू येणारी समजली जाते. प्रत्येक कानासाठी ५००, १०००, २००० आणि ४००० हर्ट्झ या चार पट्ट्यांवरील आकड्यांची सरासरी काढतात. समजा ते आकडे ५५, ६०, ६५ आणि ८० आले, तर बेरीज २६० आणि सरासरी ६५ डेसिबल. या सरासरीवरून ठरलेल्या तक्त्यात त्या कानाची टक्केवारी पाहिली जाते.

यानंतरची पायरी बहुतेकांना कोणी सांगत नाही, आणि नाराजी तेथेच सुरू होते. दोन कानांची टक्केवारी सरळ मिळवून निम्मी केली जात नाही. चांगल्या कानाच्या टक्केवारीला ५ ने गुणतात, त्यात वाईट कानाची टक्केवारी मिळवतात आणि बेरजेला ६ ने भागतात. चांगला कान ५० टक्के व वाईट कान ८० टक्के बाधित असेल तर २५० अधिक ८० म्हणजे ३३०, आणि एकूण दिव्यांगत्व ५५ टक्के. एक कान पूर्ण गेला असून दुसरा ठणठणीत असेल, तर शून्य अधिक १०० भागिले ६, म्हणजे जेमतेम १७ टक्के. बहुतेक योजनांना किमान ४० टक्के लागतात. म्हणून एकाच कानाने बहिऱ्या झालेल्या माणसाला त्रास कितीही खरा असला तरी त्या योजनांचा लाभ मिळत नाही, आणि दुसऱ्या रुग्णालयात जाऊन हे गणित बदलत नाही. एजंटाला पैसे देण्यापूर्वी हा हिशेब घरी एकदा मांडून पाहावा.

अर्ज आणि कागदपत्रे

अर्ज केंद्र शासनाच्या स्वावलंबन पोर्टलवर करावयाचा असतो. आधार कार्ड, ओळखीचा पुरावा, सहा महिन्यांच्या आतील छायाचित्र, पत्ता आधारवरील पत्त्याहून वेगळा असल्यास रहिवासाचा पुरावा, आणि चालू मोबाइल क्रमांक एवढे जवळ ठेवावे. आधारवरील नावात आणि शाळेच्या दाखल्यावरील नावात फरक असेल तर तो आधी दुरुस्त करून घ्यावा, कारण कार्ड आधारवरील नावानेच निघते. जुने ऑडिओग्राम, शस्त्रक्रियेचे कागद आणि डिस्चार्ज कार्ड अर्जात मागितलेले नसले तरी मंडळासमोर न्यावेत, कारण दोष किती वर्षांचा आहे हे त्यांवरूनच दिसते.

अर्ज आपल्या राहत्या जिल्ह्यातील वैद्यकीय प्राधिकाऱ्याकडे, किंवा जेथे या दोषावर उपचार चालू आहेत अथवा झाले आहेत त्या शासकीय रुग्णालयाकडे करता येतो. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही ठिकाणी आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. पोर्टलवरील यादीतून रुग्णालय निवडण्यापूर्वी तेथे ऑडिओमेट्रीची सोय आहे का आणि कानाच्या रुग्णांची तपासणी कोणत्या वारी असते, हे विचारून घेतल्यास एक खेप वाचते. २०२४ च्या सुधारित नियमांनुसार प्रमाणपत्र देण्याची मुदत तीन महिन्यांची आहे, आणि दोन वर्षांत निकाल न लागलेला अर्ज निष्क्रिय होऊन नव्याने करावा लागतो. कार्डाचा रंग टक्केवारीनुसार असतो : ४० टक्क्यांखाली पांढरा, ४० ते ८० टक्क्यांमध्ये पिवळा, आणि ८० किंवा त्याहून अधिक असल्यास निळा. अर्ज नाकारल्यास कारण लेखी मागावे. निर्णय मान्य नसेल तर ९० दिवसांच्या आत अपील करता येते.

श्रवणयंत्रासाठी

दिव्यांगांना साहाय्यक साधने देणाऱ्या केंद्राच्या एडीआयपी योजनेत ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना श्रवणयंत्र मिळते. मासिक उत्पन्न २२,५०० रुपयांपर्यंत असल्यास यंत्र विनामूल्य आणि ३०,००० रुपयांपर्यंत असल्यास निम्म्या किमतीत. युडीआयडी कार्ड किंवा प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला, आधार आणि छायाचित्रे लागतात. मागील तीन वर्षांत याच कारणासाठी कोणत्याही शासकीय योजनेतून मदत घेतलेली नसावी. बारा वर्षांखालील मुलांसाठी ही अट एकाच वर्षाची आहे. वाटप बहुधा शिबिरांतून होते. शिबिरात यंत्र हाती पडले की लगेच घरी निघू नये. आपल्या ऑडिओग्रामप्रमाणे त्याचा आवाज बसवून घ्यावा आणि बॅटरी कशी घालायची हे स्वतः करून पाहावे. जे यंत्र कानात शिट्टी मारते, ते महिनाभरात कपाटात जाते.

लहान मुलांची वेळ

बाळाची श्रवण तपासणी पहिल्या महिन्यात, निदान तिसऱ्या महिन्यापर्यंत आणि उपचार सहाव्या महिन्यापर्यंत सुरू व्हावेत, असा संकेत आहे. थाळी वाजवून बाळ दचकले म्हणजे त्याला ऐकू येते असे समजू नये, ते थाळीच्या हालचालीलाही दचकते. अंगणवाडीत आणि शाळेत येणारे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करते आणि संशय आल्यास मुलाला जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवते. तेथून मिळालेली चिठ्ठी जपून ठेवावी.

ज्या मुलाला दोन्ही कानांनी तीव्र श्रवणदोष आहे आणि श्रवणयंत्राचा उपयोग होत नाही, त्याच्यासाठी कॉक्लिअर इम्प्लांटचा, म्हणजे शस्त्रक्रियेने आंतरकर्णात बसवायच्या यंत्राचा, विचार होतो. एडीआयपीखालील या शस्त्रक्रियांची मध्यवर्ती जबाबदारी मुंबईतील अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण दिव्यांगजन संस्थेकडे आहे. जन्मतः बहिऱ्या मुलासाठी पाच वर्षे ही वयाची कड आहे, आणि बेरा, सीटी स्कॅन, एमआरआय, लसीकरण व कागदपत्रे यांतच कित्येक महिने जात असल्याने चौथ्या वर्षी जागे झालेल्या पालकांच्या हाती फारच थोडा वेळ उरतो. शस्त्रक्रियेनंतर मुलाला आवाजाचा अर्थ शिकवणारी वाचा-श्रवण उपचाराची सत्रे दीर्घकाळ नियमित करावी लागतात. धडगाव किंवा अक्कलकुव्याच्या पाड्यावरून ही सत्रे कोठे घेता येतील, दर आठवड्याला मुलाला कोण नेईल आणि घरी कोणत्या भाषेत सराव होईल, हे अर्जावर सही करण्यापूर्वी ऑडिओलॉजिस्टसमोर (श्रवणतज्ज्ञासमोर) बसून ठरवून घ्यावे, आणि जवळच्या केंद्राचे नाव त्यांच्याकडून लिहून घ्यावे.