सहाणेवर उगाळायची नव्हे ती गोळी

खानापूर-बेळगाव भागातल्या घरांत औषध उगाळून द्यायची सवय जुनी. बाळगुटीतलं हळकुंड, मायफळ सहाणेवर फिरतं, तशीच म्हाताऱ्या माणसाची गोळीही चमच्यानं चुरून दुधात जाते. "वाटून द्या की, लवकर लागू पडतंय," हे आमच्याच घरातलं वाक्य. काही गोळ्यांना ही माया नडते. जठरातल्या आम्लातून सुखरूप पार व्हावं म्हणून चढवलेला त्यांचा लेप चमच्याखालीच फुटतो.

असा लेप सापडायला बराच काळ गेला. 1884 मध्ये हॅम्बुर्गचे त्वचारोगतज्ज्ञ पॉल गेर्सोन उना यांनी केराटिनचा लेप दिलेल्या गोळ्या पुढे आणल्या. शिंगं-नखं ज्याची बनतात तेच हे केराटिन. जठरात पचणार नाही, आतड्यात विरघळेल, असा हिशेब होता. पण भरवसा नव्हता. फॉर्मालिननं घट्ट केलेलं जिलेटिन तर साठवणीत इतकं टणक होई, की गोळी गिळली तशी बाहेर पडायची.

मग लाखेवर नजर गेली. सोनार पोकळ दागिन्यात भरतो, आंबोली घाटाखाली सावंतवाडीची लाकडी खेळणी जिच्यानं चकाकतात, पार्सलवर वितळवून जिचा शिक्का मारत, तीच लाख. रांचीजवळ नामकुमला 1924 पासून तिच्यावर संशोधन करणारी संस्था आहे. शुद्ध लाख आम्लाला दाद देत नाही. पण किड्याची उपज ती, प्रत्येक खेपेचा माल निराळा. जुनी झाली की आणखी कडक, आणि विरघळायला पीएच, म्हणजे आम्लता मोजायचा आकडा (जितका लहान तितकं आम्ल तिखट), 7 च्या आसपास जावा लागतो.

1940 मध्ये सेल्युलोज ॲसिटेट थॅलेट या लेपाच्या नव्या पदार्थाचं पेटंट निघालं, 1950 च्या दशकात जर्मनीत ॲक्रिलिक लेप आले. दोन्ही मुळात सौम्य आम्लं. जठरात पीएच 1 ते 3 असतो, तिथं ती गप्प बसतात; लहान आतड्यात पीएच 6 कडे चढला, की विरघळून वाट मोकळी करतात. पित्तावरचं ओमेप्राझोल 1988 मध्ये बाजारात आलं, ते याच जोरावर. आम्लात ते स्वतःच नासतं. कॅप्सूलमधले खुळखुळणारे दाणे म्हणूनच चावायचे नसतात.

पूरक गोळ्यांनी हीच युक्ती उचलली. पाचक एन्झाइम, प्रोबायोटिक जिवाणू यांना तिचा उपयोग पटतो. माशाच्या तेलाला ती मुख्यतः वासट ढेकर टाळायला. लोहाच्या गोळीवर मात्र असा लेप पाहिला की मला कोडं पडतं. लोह शोषलं जातं ते आतड्याच्या अगदी सुरुवातीला. लेप उघडेपर्यंत ती जागा मागं पडते, आणि रक्त वाढावं म्हणून घेतलेलं लोह बरंचसं तसंच पुढं निघून जातं.