बाळाचा गुडघा उलटा वाकलेला असेल तर

पायाळू बाळ जन्मतं तेव्हा क्वचित त्याचा पाय गुडघ्यातून उलटा, पोटाकडे वळलेला असतो. जन्मणाऱ्या साधारण लाख बाळांत एखाद्याचा. हा गुडघा न्हाऊ घालायला येणाऱ्या बाईंना चोळू किंवा वाकवू देऊ नका, त्यांचा हात कितीही चांगला असो.

गर्भात पाय ताठ राहिला की मांडीचा पुढचा स्नायू आखडतो आणि नडगीचं हाड मांडीच्या हाडापुढे सरकतं. कधी नुसता उलटा बाक असतो, कधी सांधा अर्धवट निसटलेला, कधी पूर्ण. पहिल्या आठवड्यातच उपचार सुरू झाले तर बहुतेकांचं प्लास्टरवर भागतं. डॉक्टर पाय हलकेच ताणून, जेवढा सहज वाकेल तेवढाच वाकवतात आणि मांडीपासून बोटांपर्यंत प्लास्टर घालतात. दर आठवड्याला ते बदलून बाक वाढवत 90 अंशांपर्यंत न्यायचा. घाई केली की नडगी जागेवर येतच नाही. वाढीच्या कूर्चेपाशी, म्हणजे हाड जिथून वाढतं त्या मऊ भागापाशी, हाड वाकतं किंवा मोडतं, आणि वरून मात्र गुडघा छान वाकलेला दिसतो! म्हणूनच बाजूने एक्स-रे काढतात. त्यात वाटी दिसली नाही तरी घाबरू नका. ती तीनेक वर्षांपर्यंत कूर्चेचीच असते.

चंदगड-आजऱ्याहून कोल्हापूरला दर आठवड्याची फेरी जड जाते, पण ती चुकवू नका. बाळ भराभर वाढतं, प्लास्टर आवळतं. बोटं निळी-पांढरी पडली, सुजली किंवा प्लास्टरच्या आत ओढली गेली, तर त्याच दिवशी दाखवा. प्लास्टरने भागलं नाही तर स्नायू लांबवण्याची शस्त्रक्रिया असते.

खुब्याची सोनोग्राफी विसरू नका. अशा अनेक बाळांचा खुबाही निसटलेला असतो. पाऊलही वाकडं असेल तर त्याचं प्लास्टर गुडघा वाकवूनच घालतात, त्यामुळे आधी गुडघा नीट करायचा.

गुडघ्याचा दुसरा एक जन्मजात दोष उशिरा कळतो. काही मुलांत गुडघ्यातली पुढची तिरपी दोरी, म्हणजे लिगामेंट, जन्मतःच नसते. वेदना फारशा नाहीत, पण धावताना ‘गुडघा सटकतो’. पेठेच्या संघातून फुटबॉल खेळणाऱ्या मुलाने मार न लागता असं सांगितलं, तर आळशीपणा समजू नका. एमआरआय करून घ्या. वाढ संपेपर्यंत बहुधा मांडीच्या मागच्या स्नायूंचा व्यायाम आणि पट्टा यांवर निभावतात. तोवर कुस्ती बंद.