सेल्फ-बॅलन्सिंग बोर्ड घेताना टॉप स्पीड नको, शिल्लक ताकद बघा

सेल्फ-बॅलन्सिंग बोर्ड (वर उभं राहून चालवायचं, स्वतःच तोल सांभाळणारं विजेचं वाहन) घ्यायचा म्हटलं की लोक आधी स्पीड विचारतात, मग रेंज, आणि हे दोन्ही आकडे बॉक्सवर मोठ्या अक्षरात छापलेले असतातच. पण ज्या आकड्यावर तुमची हाडं शाबूत राहणार तो, म्हणजे मोटरकडे शिल्लक उरणारी ताकद, बॉक्सवर नसतो. तो कळायला बोर्ड तोल कसा सांभाळतो ते आधी बघावं लागतं.

तळहातावर काठी उभी धरायचा खेळ आपण सगळ्यांनीच खेळलाय, काठी पुढे कलली की हात पुढे न्यायचा, मागे कलली की मागे. बोर्ड अगदी हेच करतो, काठीच्या जागी तुम्ही आणि हाताच्या जागी चाकातली मोटर. आत जायरोस्कोप आणि अ‍ॅक्सेलरोमीटर असे दोन सेन्सर असतात. जायरो कलण्याचा वेग झटकन सांगतो पण त्याची चूक हळूहळू साठत जाते, अ‍ॅक्सेलरोमीटरला गुरुत्वाकर्षणावरून खालची दिशा कळते पण खड्ड्यात दणका बसला की तो गोंधळतो, म्हणून प्रोसेसर दोघांचं ऐकून सेकंदाला शेकडो वेळा कोन काढतो आणि मोटरला तेवढा जोर लावायला सांगतो. तुम्ही पुढे झुकता, तुम्ही पडू नये म्हणून चाक तुमच्याखाली यायला पुढे पळतं, आणि असंच पळत राहिलं की तुमचा प्रवास होतो.

खरी गोम इथंच आहे. इलेक्ट्रिक सायकलची मोटर दमली तर सायकल फक्त हळू होते. बोर्डाची मोटर मात्र तुम्हाला पुढेही नेते आणि उभंही ठेवते, त्यामुळे ती तिच्या मर्यादेला पोचली की तुमचा वेग कमी होत नाही, बोर्डाचं नाक रस्त्याला टेकतं आणि तुम्ही त्याच वेगाने पुढे फेकले जाता. याला नोजडाइव्ह म्हणतात.

आणि ही मर्यादा एका जागी थांबत नाही हो, ती सरकत असते. मोटर जितकी जोरात फिरते तितका तिच्यातच उलटा व्होल्टेज तयार होतो, म्हणजे वेग वाढेल तसा जास्तीचा जोर लावायची तिची क्षमता कमी होते, आणि नेमकं तेव्हाच हवेचा विरोध वाढलेला असतो, १५ वरून ३० किमी वेगाला गेलात तर हवा कापायला लागणारी पॉवर दुप्पट नाही, आठपट होते. त्यात बॅटरी उतरत असते. साध्या हॉवरबोर्डात (दोन बाजूंना दोन चाकं असलेला बोर्ड) १० लिथियम सेल ओळीने जोडलेले असतात, फुल चार्जला ४२ व्होल्ट, संपत आल्यावर ३२च्या आसपास, चढावर जोर काढला की अजून खाली. म्हणजे सकाळी निघताना जो वेग सेफ होता तोच परत येताना सेफ असेलच असं नाही! तुमचं वजन जास्त असेल, थंडी असेल, चढ असेल, तर ही शिल्लक अजून घटते.

म्हणून चांगले बोर्ड मर्यादा जवळ आली की नाक स्वतःच वर उचलतात, पायाला ते जाणवतं आणि माणूस मागे होतो. पण जोशात लोक त्यावरही रेटून झुकतात. कॅलिफोर्नियातल्या फ्युचर मोशन कंपनीच्या वनव्हील या एका चाकाच्या बोर्डाचं हेच झालं. २०१९ ते २०२१ या काळात चार जण डोक्याला मार लागून गेले आणि सप्टेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत सुमारे ३ लाख बोर्डांचा रिकॉल जाहीर झाला. उपाय काय होता, तर नव्या मॉडेलना सॉफ्टवेअर अपडेट, मर्यादा जवळ आली की बोर्ड जोरात थरथरतो आणि आवाज करतो. माझ्या मते असा ठळक इशारा नसलेला बोर्ड फुकट मिळाला तरी घेऊ नये.

मग घ्यायचं काय? साडेसहा इंची चाकांचा हॉवरबोर्ड गुळगुळीत फरशीवर, सोसायटीच्या आवारात ठीक, पण रोजच्या जाण्यायेण्याला नाही, कारण चाक लहान तेवढा खड्डा मोठा. वनव्हीलचं टायर जाड आणि हवेचं, त्यामुळे खराब रस्ता बराच सोसतो. इलेक्ट्रिक युनिसायकलला (दोन पायांच्या मध्ये एकच चाक असलेलं मशीन) १६-१८ इंची चाक आणि मोठी बॅटरी मिळते, शिकायला वेळ लागतो, पण ताकदीची शिल्लक सगळ्यात जास्त तिथेच सापडते. तुम्ही रोज २० किमीच्या वेगाने जाणार असाल तर ३५-४० झेपणारं मशीन घ्या आणि २०नेच चालवा. आणि हो, घर टेकडीवर असेल तर फुल चार्ज करून उतार उतरू नका, ब्रेक लावताना मोटर वीज परत बॅटरीत ढकलते, बॅटरीत जागा नसेल तर ती वीज जाणार कुठे?

बॅटरीवर पैसे वाचवू नका. २०१५ मध्ये स्वस्त हॉवरबोर्डना आगी लागायला लागल्या, एअरलाइन्सनी ते विमानात न्यायला बंदी घातली आणि जुलै २०१६ मध्ये अमेरिकेत ५ लाखांहून जास्त बोर्ड परत मागवले गेले. या आगींमुळेच २०१६ मध्ये यूएल या अमेरिकन सुरक्षा-तपासणी संस्थेचं यूएल २२७२ हे प्रमाणपत्र आलं, त्यात सेल, चार्जर, वायरिंग अशी सगळी विद्युत यंत्रणा एकत्र तपासतात. ते नसेल तर सरळ नको म्हणा, सेकंडहँड असेल तर दोनदा नको म्हणा. चार्जर कंपनीचाच वापरा आणि रात्री झोपताना लावून ठेवू नका.

कायदा मात्र देशागणिक बदलतो. जर्मनीत २०१९च्या नियमांनी ई-स्कूटरला रस्ता मिळाला पण हँडल नसलेले बोर्ड बाहेरच राहिले, आणि इंग्लंडमध्ये फुटपाथवर हॉवरबोर्ड चालवणं चक्क १८३५च्या कायद्याने गुन्हा ठरतं, तेव्हा तिकडे राहणाऱ्या आपल्या मंडळींनी ऑर्डर करायच्या आधी हे बघून घ्या. हेल्मेट आणि मनगटाचे गार्ड त्याच ऑर्डरमध्ये टाका, पडताना माणूस आधी हात टेकतो.