शेवटचा निरोप, घरच्यांच्या शब्दांत : बडोद्याची पार्श्वभूमी

बडोद्यातल्या काही मराठी घरांत हल्ली आजी धडधाकट असतानाच तिच्याशी बसून तिच्या शेवटच्या निरोपाची बोलणी होतात. कोणतं पातळ नेसवायचं, नेत्रदान करायचं का, भजनाला कोणाला बोलवायचं, चार शब्द कोण बोलणार. आजीच एखादं नाव खोडून काढते: ‘तो नको, तो स्वतःबद्दलच बोलेल.’

पाश्चात्त्य देशांत घरच्यांनीच अंत्यविधी करणं ही नवी चळवळ मानली जाते, कारण तिथे हे काम व्यावसायिकांकडे गेलं होतं. आपल्याकडे ते गेलंच नाही. तिरडी बांधायला शेजारचे काका, मडकं आणायला कोणाचा तरी भाचा, खांदा द्यायला अख्खी गल्ली. कष्ट घरचेच होते. घरच्यांचे नव्हते ते शब्द. गुरुजी म्हणतील तसं पाणी सोडायचं, जानवं सव्य-अपसव्य करायचं आणि ज्या माणसासाठी हे चाललंय त्याचा उल्लेख नाव-गोत्रापलीकडे यायचा नाही.

ते शब्द परत मिळवण्याची खटपट या शहरात जुनी आहे. १८९६ मध्ये बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी राजघराण्यात वेदोक्त, म्हणजे पुराणातल्या मंत्रांऐवजी वेदमंत्रांनी होणारे विधी सुरू केले. वाद वरवर मंत्रांचा होता. खरा प्रश्न होता तो यजमानाच्या घरी काय म्हणायचं हे ठरवणार कोण, हा. कोल्हापुरातलं शाहू महाराजांचं वेदोक्त प्रकरण गाजलं ते त्यानंतर. पुढे १९१५ मध्ये बडोदा संस्थानाने हिंदू पुरोहित कायदा केला. पौरोहित्य करायचं तर परीक्षा द्यावी लागेल, आणि मंत्र म्हणणाऱ्याला त्यांचा अर्थ कळला पाहिजे, हा त्यामागचा आग्रह. कायद्याने पुटपुटणं थांबलं असेल असं मला वाटत नाही. पण अर्थ विचारणं म्हणजे आगाऊपणा नव्हे, हे खुद्द सरकारनेच सांगून टाकलं.

दुसरा धागा सत्यशोधकांचा. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये पुण्यात सत्यशोधक समाज स्थापला आणि भटजीवाचून विधी करण्याचा पुरस्कार केला. हा विचार बडोद्यातही पोचला होता. ‘बडोदा वत्सल’ हे पत्र चालवणारे दामोदर सावळाराम यंदे त्याच परंपरेतले. १८९० मध्ये जोतीराव गेले तेव्हा टिटवं, म्हणजे अंत्ययात्रेपुढे न्यायचं मडकं, कोणी धरायचं यावरून भाऊबंदांनी वाद घातला. सावित्रीबाईंनी ते स्वतः उचललं, अंत्ययात्रेपुढे चालल्या आणि अग्नीही दिला. आज मुलगी अग्नी देते म्हटल्यावर नाक मुरडणाऱ्या मामांना हा दाखला खुशाल द्यावा.

विश्वामित्री नदीजवळचं कीर्तिमंदिरही याच गोष्टीत येतं. १९३६ मध्ये सयाजीरावांनी गायकवाड घराण्याच्या स्मरणार्थ ते उभारलं. गेलेल्यांच्या स्मरणार्थ छत्र्या बांधायची मराठा राजघराण्यांची रीत होतीच. इथे तिची सार्वजनिक इमारत झाली. आतल्या भिंतींवर नंदलाल बोस यांनी गंगावतरण, मीराबाईचं चरित्र, महाभारतातलं युद्ध असे विषय रंगवले. गेलेल्यांची आठवण म्हणून चित्रं काढून घ्यायची, ही कल्पना त्या काळी थोडकी नव्हती.

सामान्य घरांवर मात्र राजवाड्याहून जास्त परिणाम शेजाऱ्यांचा झाला. गुजराती घरांत बेसणं असतं. वर्तमानपत्रात फोटो, खाली तारीख आणि वेळ, चार ते सहा. पांढऱ्या कपड्यांत यायचं, फोटोपुढे हात जोडायचे, थोडं बसायचं, निघायचं. दांडिया बाजार-रावपुऱ्यातल्या मराठी मंडळींना ते सोयीचं वाटलं. दहा-बारा दिवस येणाऱ्या-जाणाऱ्यांना चहा करत बसण्यापेक्षा दोन तासांत सगळे भेटतात. पण बेसण्यात कोणी फारसं बोलत नाही आणि मराठी माणसाला बोलल्याशिवाय करमत नाही. म्हणून त्यात आपली श्रद्धांजली सभा मिसळली आणि दोन अभंग, पेटी, तबलाही आला.

देहदानाने या सभेचं वजन आणखी वाढलं. वैद्यकीय महाविद्यालयाची गाडी आली की निरोप दारातच संपतो. चिता नाही, राख सावडणं नाही, नर्मदाकाठी चांदोदला मल्हारराव घाटावरून होडीने संगमावर जाणं नाही. मग माणसं जमणार कुठे, रडणार कुठे? अशा घरांनी सभाच मुख्य केली. मुलीने आईची हिशेबाची वही वाचून दाखवायची, त्यात ‘दूध २, रिक्षा ५, वहिनीला उसने २०, परत मागू नये’ अशी नोंद निघायची आणि सगळा दिवाणखाना एकदम हसायचा. हे या सभांत खपतं.

गेल्या शतकाच्या अखेरीस पुण्यात स्त्रियांना पौरोहित्य शिकवलं जाऊ लागलं, मंत्रांखाली मराठी अर्थ देणाऱ्या पोथ्या आल्या. त्या पाहुण्यांच्या पिशव्यांतून बडोद्यापर्यंत पोचायला वेळ लागला नाही. मग २०२०-२१ चा करोना. स्मशानात मोजकी माणसं, बाकीचे फोनच्या पडद्यावर. गुरुजी मिळेनात तेव्हा कित्येक घरांनी पोथी उघडून स्वतःच वाचलं.

आता बहुतेक घरांत तडजोड असते. दहावा घाटावर गुरुजींकडून, पिंडाला कावळा शिवेपर्यंत थांबून. शिवलाच नाही तर दर्भाचा कावळा करून. सभा वेगळी, शक्यतो शनिवारी संध्याकाळी, म्हणजे न्यू जर्सीतल्या नातवाला सकाळी उठून जोडून घेता येतं. सभेत कोण किती बोलणार हे आधी ठरलेलं असतं, तरी थोरले काका पाच मिनिटांची पंचवीस करतातच.